वाढत्या अंगाचं

माहुलबोडीच्या तलावापासून शंभर मीटरच्या आत यापुढे कसलाही विकास होणार नाही असा आदेश निघाला, आणि त्या सोमवारपासून रेषेच्या आत राहणारी मुलं वाढायची थांबली.

आदेश चांगल्या हेतूनं निघाला होता. तलावावर हिवाळ्यात परदेशी बदकं उतरत, काठच्या धानाच्या बांध्यांमधून सारसाची एक जोडी फिरे, आणि त्याच काठाला लागून 'सरोवर विहार' नावाचं ले-आऊट पडलं होतं. ले-आऊट पडलं म्हणजे आपल्याकडे पुढं काय होतं ते सांगायला नको. आधी मुरमाचे ट्रक येतात, मग चुन्याच्या रेघा, मग कमान, आणि तलाव दरवर्षी हातभर मागं सरकतो. तेव्हा कुणीतरी हरकत घेतली, कुणीतरी पाहणी केली, आणि काठानं लाल रंगाचे सिमेंटचे खुंट रोवले गेले. खुंटांच्या आतला तो सगळा पट्टा ना-विकास क्षेत्र झाला.

सरकारी आदेश निघतात आणि कुणी पाळत नाही, असा आपला सगळ्यांचा अनुभव. हा मात्र पाळला गेला, आणि त्यात कुणाचा दोष होता असं म्हणता येत नाही. आदेशात 'विकास' या शब्दाचा अर्थ दिला होता, 'कोणत्याही स्वरूपाची वाढ, भर अथवा सुधारणा', आणि जमिनीनं तो जसाच्या तसा घेतला. कोहळ्याचा वेल कुंपणावर अर्ध्यात थांबला. जास्वंदीच्या कळ्या कळ्याच राहिल्या. कोंबड्या अंड्यांवर बसून बसून कंटाळल्या आणि उठून गेल्या. भांडणंसुद्धा वाढेनाशी झाली, दोन शब्दांवर येऊन अडकत. ले-आऊटमधले पंढरी टेंभुर्णे म्हणून एक निवृत्त ग्रामसेवक होते, त्यांच्या सुनेला सातवा महिना लागला होता. तो लागलेलाच राहिला.

लोकांनी पळवाटा शोधल्या नाहीत असं नाही. टेंभुर्ण्यांनी सुनेला माहेरी पाठवून पाहिलं. कुणी मुलांना सुट्टीत मामाकडे वाढायला पाठवलं. काही उपयोग झाला नाही. रहिवासाची नोंद माहुलबोडीची, आणि इथली वाढ दुसरीकडे नेणं म्हणजे विकास-हक्काचं हस्तांतरण. त्याची तरतूद या क्षेत्रासाठी नव्हती. मुलं मामाकडे आंबे खाऊन जशी गेली तशी परत आली.

आदेशाबरोबर एक परिपत्रकही निघालं होतं. त्यात एकच वाक्य होतं, 'रेषेच्या आत कोणीही वाढू नये व कोणास वाढू देऊ नये.' निरीक्षक पहिल्यांदा पाहणीला आले ते नेमके जेवणाच्या वेळेला. दामोदर लंजे टेलर यांच्या स्वयंपाकघरात त्यांची बायको वच्छला हातात वरणाची पळी घेऊन उभी होती. निरीक्षकांनी विचारलं, "बाई, काय चाललंय?"

"वाढून राहिली जी," वच्छला म्हणाली.

निरीक्षकांचा चेहरा उतरला. त्यांनी परिपत्रक काढून तिला वाचून दाखवलं. तेव्हापासून रेषेच्या आतल्या घरांमध्ये कुणी कुणाला जेवायला वाढत नसे. भात-वरण मध्ये ठेवायचं आणि ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यायचं. पंगती बंद पडल्या, आग्रह बंद पडला. आग्रह गेला याचं काही जणांना बरंच वाटलं, पण आयांना नाही. आपल्या लेकराच्या ताटात आपल्या हातानं घासभर भात टाकता येऊ नये, ही गोष्ट वच्छलाच्या जिवाला फार लागली. तरी तिनं तक्रार केली नाही, कारण त्या घराला तो आदेश हवा होता. अख्ख्या ले-आऊटमध्ये तेवढ्याच एका घराला हवा होता.

लंज्यांना एकच मुलगी, प्रांजली. आदेश निघाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि चौथीत शिकत होती. त्याच्या आदल्याच आठवड्यात लंजे नवरा-बायको तिला घेऊन नागपूरला जाऊन आले होते. तिच्या मानेत आतल्या बाजूला चिंचोक्याएवढी गाठ होती. मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून सांगितलं होतं की गाठ हात लावता येईल अशा जागी नाही. ती वाढत जाईल. मुलगी जसजशी मोठी होईल तसतशी गाठही मोठी होईल, आणि मग दोन वर्षं म्हणा, फार तर तीन. परतीच्या बसमध्ये प्रांजली खिडकीशी बसून तेराचा पाढा पाठ करत होती, आणि तिचे आईबाप एकमेकांकडे पाहायचं टाळत होते.

सोमवारी आदेश निघाला. लाल खुंट लंज्यांच्या बरोबर मधल्या उंबऱ्यात रोवला गेला. पुढची खोली, जिथं शिलाईची मशीन होती, ती रेषेच्या बाहेर. मधली खोली, स्वयंपाकघर आणि माणसं आत. तीन महिन्यांनी नागपूरला नवा फोटो काढला तर गाठ चिंचोक्याएवढीच. डॉक्टरांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. सहा महिन्यांनी तेच. वर्षानं तेच. वच्छलानं उंबऱ्यातल्या लाल खुंटाला हळदीकुंकू लावलं.

लंजे मात्र घाबरट माणूस. चांगलं काही झालं की ते चुकून झालं असणार आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की परत घेतलं जाणार, असं त्यांना वाटे. आदेशात ऱ्हासाबद्दल काहीच म्हटलं नव्हतं, म्हणून ऱ्हास चालू होता. भिंतींचा गिलावा पडत होता, वच्छलाचे केस पिकत होते, लंज्यांची नजर कमी होत होती. आणि आजार हा ऱ्हासच, असं उद्या कुणी म्हणालं तर काय करायचं? या विचारानं त्यांची झोप उडाली. विचारू नये तिथं विचारायला म्हणून ते जिल्ह्याच्या ठिकाणी सरोवर नियमन कक्षात गेले.

तिथं गद्रे मॅडम होत्या. पुण्याकडच्या, शांत, कुणाला ताटकळत न ठेवणाऱ्या. त्यांनी लंज्यांचं सगळं ऐकून घेतलं, आठवडाभराची मुदत मागितली, आणि आठवड्यानं लंजे गेले तेव्हा त्यांना समोर बसवून सांगितलं.

"हा प्रश्न माझ्यापुढे पहिल्यांदाच आला. आजारामुळे रुग्णाचा ऱ्हास होतो. त्याला आम्हाला हरकत घेता येत नाही. पण गाठीच्या बाजूनं पाहिलं तर तो गाठीचा विकास आहे. आहे की नाही?"

"हाये जी."

"आणि गाठ रेषेच्या आत आहे."

"हव जी. तिच्या मानेतच हाये."

"मग तिला परवानगी मिळणार नाही. असलेल्या आकारात राहू शकते. वाढीव काही चालणार नाही."

लंज्यांनी मॅडमना नमस्कार केला, मॅडमच्या मागच्या भिंतीवरच्या नकाशाला केला, आणि बाहेर पडताना शिपायालाही केला.

वर्षं गेली. प्रांजली नऊची राहिली. दर जूनमध्ये तिला चौथीत बसवत आणि दर मार्चमध्ये गुरुजी 'प्रगती नाही' असा शेरा मारत. तो तिचा दोष नव्हता, नोंद होती. तेराचा पाढा ती रोज म्हणे, तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस, तेरा चोक बावन्न, आणि तिथं थांबे. विसरली म्हणून नाही. त्याच्या पुढं तिला परवानगी नव्हती. लंजे तिला दिवाळीला नवा फ्रॉक शिवत. टेप लावायची गरज नसे, कागदाचा तोच नमुना खिळ्यावरून काढायचा आणि कापडावर ठेवायचा. टेलरच्या दुकानात मुलांचे कपडे आले की आईबाप हमखास म्हणतात, "वाढत्या अंगाचं शिवा जी." म्हणजे खाली दोन बोटं कापड दुमडून ठेवायचं, पोर वाढलं की दुमड उसवायची. लंज्यांनी गावातल्या सगळ्या पोरांचं वाढत्या अंगाचं शिवलं. आपल्या मुलीचा फ्रॉक मात्र नेमका अंगाबरोबरचा.

एकदा समीक्षा ब्लाऊज शिवायला आली. ती रस्त्यापलीकडची, रेषेच्या बाहेरची, एकेकाळी प्रांजलीच्याच बाकावर बसणारी. आता ती कॉलेजात जाऊ लागली होती. लंजे माप सांगत होते, प्रांजली उंबऱ्यापाशी बसून ऐकत होती. समीक्षानं पर्समधून चॉकलेट काढलं आणि तिच्यापुढं धरलं.

"घे बाळा," ती म्हणाली.

प्रांजलीनं चॉकलेट घेतलं. समीक्षा गेल्यावर तिनं ते मशीनच्या खणात टाकलं आणि लंज्यांना सुई ओवून दिली. आताशा त्यांना सुईचं नेढं दिसत नसे, सगळ्या सुया तीच ओवून देई. लंज्यांनी सुई घेतली आणि मनात हिशेब केला तो नको तेवढा खरा निघाला. आपण म्हातारे होणार, मरणार, आणि ही नऊ वर्षांचीच राहणार. हिला कोण सांभाळणार? पण याचं उत्तर शोधायला अजून वेळ आहे असं त्यांनी स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय काय समजावतो याला रेषा नसते.

आणि मग पंढरी टेंभुर्णे आले. ते प्लॉटधारक कृती समितीचे अध्यक्ष झाले होते. मशीनसमोरच्या स्टुलावर बसून त्यांनी आधी पाणी मागितलं, ते स्वतःच्या हातानं घेतलं, आणि म्हणाले, "दामोदर, सुनावणी लागली. रेषा उठून राहिली."

"कायले?"

"पक्ष्यांमुळं. पक्षी वाढावे म्हनून रेषा आखली होती न? आता मोजून आले ते लोक. सारसाची जोडी तेवढीच, बदकं तेवढीच. एक पिल्लू नाही. अंड्यातून बाहेर कसं येईन, येनं म्हंजे वाढच झाली. तं वरतून म्हनते, रेषेचा उपयोग नाही, उठवा. सगळ्यांची संमती पाहिजे फक्त. तुही एकट्याची राहिली."

लंज्यांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"मले माहीत हाये तुह्यं," टेंभुर्णे म्हणाले. "पन पंचवीस-तीस पोट्टे हायेत बाबू आत. माही सून सात वर्षांपासून सातव्या महिन्यात हाये. उठते, बसते, पोटावर हात ठेवते. पयले रडे. आता तं बोलतबी नाही. पोटातलं आतून लात मारते, रोज तीच लात. तिच्याकडे पाहू का नको मी?"

"तुमचं खरं हाये काका."

"मंग?"

"मंग काही नाही. माह्यंबी खरं हाये."

भांडण झालं असतं तर दोघांनाही सोपं गेलं असतं, पण त्या घरात भांडणही वाढत नव्हतं. टेंभुर्णे उठले आणि लंज्यांच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले.

सुनावणीला लंजे गेले. आपली हरकत त्यांनी तोंडीच सांगितली, कारण त्यांना बोलण्यापेक्षा लिहायला जास्त वेळ लागे. गद्रे मॅडमनी ती उतरवून घेतली. त्यांचेही केस आता पांढरे झाले होते.

"आमच्या घरापुरती रेषा ठेवता येन का जी?" लंज्यांनी विचारलं.

"एका घराभोवती रेषा ठेवली तर ती रेषा राहत नाही, कुंपण होतं. कुंपण म्हणजे बांधकाम, आणि बांधकाम ना-विकास क्षेत्रात चालत नाही." मॅडमनी नकाशा पुढं ओढला. "काठ सगळा मोकळा होणार आहे. पाणी तेवढं ना-विकासच राहील. त्याला आम्ही हात लावत नाही."

"पान्यात कोन राहते जी?"

"सध्या बदकं," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुमच्याकडे डोंगा आहे का?"

डोंगा म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली नाव. तलावावरचे ढिवर त्यातून मासे धरतात. लंज्यांकडे नव्हता, पण मागितला असता तर मिळाला असता.

"डोंगा बांधकामात मोडत नाही," मॅडम म्हणाल्या. "मुलगी रोज डोंग्यात झोपत असली तर तिचा रहिवास पाण्यात धरता येईल. मी स्वतः तशी नोंद करून देईन. फक्त एकटीनं राहावं लागेल. दुसरं माणूस आलं की वस्ती होते. वस्ती म्हणजे विकास."

"नऊ वर्षांची हाये जी ती."

"नऊचीच राहील," मॅडम म्हणाल्या. त्यांना ते दुखावण्यासाठी म्हणायचं नव्हतं. त्यांच्या हातात जेवढं होतं तेवढं त्यांनी पुढं केलं होतं, आणि हे लंज्यांनाही कळत होतं.

घरी येऊन त्यांनी वच्छलाला सांगितलं. तिनं चुलीवरचं भांडं उतरवलं, पदरानं हात पुसले.

"मी पोरीले एकटीले पान्यात टाकनार नाही," ती म्हणाली. "अन् मरूबी देनार नाही. आता तुमीच सांगा काय करू."

लंजे तलावावर गेले आणि नान्हे ढिवराकडून त्याचा डोंगा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर प्रांजलीला त्यात बसवलं आणि काठापासून बरंच आत नेलं. कमळाची पानं जिथं संपतात तिथं डोंगा थांबवला. तिथून ले-आऊटची कमान दिसत होती, त्यांच्या घराचा पत्रा दिसत होता. बदकं जवळ होती. ती माणसाला घाबरत नव्हती, इतक्या वर्षांत घाबरायलाही शिकली नव्हती.

"प्रांजू, तुले इथं राहाले आवडन का?"

"किती दिस?"

"नेहमी."

"अन् तुमी?"

"आमी काठावरून पाहू. रोज भात आनून देऊ."

प्रांजलीनं पाण्यात हात घातला. "तुमी मेल्यावर?"

लंज्यांनी वल्हं पाण्यातून वर काढलं.

"मले माहीत हाये बाबा," ती म्हणाली. "गाठ मोठी होईन म्हनून तुमी भेता."

"कोन सांगतलं तुले?"

"कोन सांगाले पाहिजे. घर केवढं हाये आपलं." ती हात पाण्यातच ठेवून बोलत होती. "समीक्षा माह्या बाकावर बसे. मले बाळा म्हने ते दिवशी. गुरुजी तीन बदलले, मी चौथीतच. बावन्नाच्या पुढं काय येते ते मले ऐकू येते, सगळा वर्ग म्हनते. माह्या तोंडातून येत नाही."

"पन तू हायेस न बेटा. तू हायेस इथं."

"गाठ वाढन तं वाढन," प्रांजली म्हणाली. "मीबी तं वाढीन."

लंज्यांना त्या पोरीचा राग आला. सात वर्षं ज्याच्यासाठी देव, खुंट आणि नकाशा यांना हात जोडले ते तिनं एका वाक्यात पाण्यात सोडलं होतं. मग त्यांना स्वतःचा राग आला. मग राग गेला, आणि उरलं ते फार वाईट होतं. ते तिथंच डोंग्यात रडले. प्रांजलीनं त्यांच्या हातातून वल्हं घेतलं, पण वल्हवणं तिला येत नव्हतं आणि शिकता येणार नव्हतं, म्हणून तिनं ते परत दिलं. लंज्यांनीच डोंगा काठाला आणला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संमती दिली.

रेषा उठवायचा कार्यक्रम कमानीपाशी झाला. वरिष्ठ साहेबांच्या हस्ते नारळ वाढवला. सात वर्षांत रेषेच्या आत वाढवलेला तो पहिला नारळ, त्याचं पाणी एका पोरानं अंगावर उडवून घेतलं आणि सगळे हसले. दुपारी लाल खुंट उपटले. लंज्यांच्या उंबऱ्यातला उपटताना फरशीचा टवका गेला, तेवढीच त्याची खूण राहिली.

त्या दिवशी लंज्यांनी खिळ्यावरचा कागदाचा नमुना काढला नाही. त्यांनी प्रांजलीला समोर उभं केलं, टेप लावून माप घेतलं आणि अबोली रंगाचं कापड कापलं. फ्रॉकच्या खाली एक दुमड घातली. मग तिच्यावर दुसरी घातली. मग तिसरी. घेर खाली इतका जड झाला की मशीनची सुई अडायला लागली.

वच्छलानं पाहिलं. डॉक्टर काय म्हणाले होते ते तिलाही पाठ होतं. "एवढ्या कायले?" तिनं विचारलं.

"वाढत्या अंगाचं हाये," लंजे म्हणाले.

पुढं सगळं भराभर झालं, अडवलेलं पाणी सोडल्यावर होतं तसं. कोहळ्याचा वेल आठवड्यात पत्र्यावर चढला. जास्वंद इतकी फुलली की देवाला वाहून उरली. सारसाच्या अंड्यातून पिल्लू बाहेर आलं आणि त्याच हंगामात काठावर मुरमाचे ट्रकही आले. टेंभुर्ण्यांची सून बाळंत झाली, मुलगी झाली. ते पेढे घेऊन लंज्यांकडे आले. पेढ्यांचा पुडा मशीनवर ठेवला तरी त्यांना वर पाहवेना.

"एक झबलं शिवून देशीन का रे?" ते म्हणाले. "वाढत्या अंगाचं शिव."

"शिवतो न काका," लंजे म्हणाले. झबलं त्यांनी सुरेख शिवलं. आनंद खोटा नव्हता आणि दुःखही खोटं नव्हतं. दोन्ही एकाच मशीनवर बसून शिवावं लागलं एवढंच.

प्रांजली वाढली. तेरा पंचे पासष्ट तिनं पहिल्याच आठवड्यात ओलांडलं आणि तेरा दाहे तीसासेपर्यंत पाढा घरभर फिरून म्हटला. पाचवीत गेली. पोळ्याच्या सुमारास फ्रॉक आखूड झाला. लंज्यांनी पहिली दुमड उसवली, आतलं कापड न उडालेल्या रंगाचं निघालं, आणि प्रांजली अभिमानानं तो पट्टा सगळ्यांना दाखवत फिरली. वल्हवायला शिकली. नान्हे ढिवराच्या बायकोशी भांडली आणि ते भांडण चांगलं चार दिवस वाढलं. पुढच्या उन्हाळ्यात दुसरी दुमड उसवली. त्याच उन्हाळ्यात तिची मान एका बाजूला कलायला लागली आणि डाव्या हातातून वस्तू पडायला लागल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि त्यांना या वेळी चष्मा पुसावा लागला नाही.

पावसाळा संपता संपता गद्रे मॅडम आल्या. रेषा उठवल्यानंतर विकास नीट चालला आहे की नाही हे पाहून कळवायचं असतं, त्यासाठी त्या घरोघर फिरत होत्या. बाकी घरं झाली, लंज्यांचं शेवटचं राहिलं होतं. वेळ जेवणाची झाली होती. वच्छलानं त्यांना पाट दिला.

प्रांजली भिंतीला टेकून बसली होती, पाठीशी उशी होती. अबोली फ्रॉक तिला उंचीला बरोबर बसत होता, अंगाला मात्र सैल झाला होता.

"उंची वाढलेली दिसते," मॅडम म्हणाल्या.

"दोन दुमडी सोडल्या जी," लंजे म्हणाले.

"किती ठेवल्या होत्या?"

"तीन."

मॅडमनी फ्रॉकच्या काठाकडे पाहिलं. तिसरी दुमड तिथंच होती, तिची शिलाई अजून नवी दिसत होती. त्यांना आणखी एक विचारायचं होतं, नियमानं विचारायला हवं होतं. त्यांनी ते खालच्या आवाजात विचारलं. "आणि गाठ?"

"तिचंही चालू हाये."

"म्हणजे दोन्ही," मॅडम म्हणाल्या, आणि त्या जे लिहीत होत्या ते लिहायचं थांबल्या. मग त्यांनी पेन मिटून पर्समध्ये टाकलं.

वच्छलानं ताटं मांडली. मॅडमचं, लंज्यांचं, प्रांजलीचं. इतकी वर्षं त्या घरात प्रत्येकानं आपल्या हातानं घेतलं होतं, पण रेषा उठल्यापासून प्रांजली आपल्या हातानं काही घेत नसे. ताटासमोर बसून आईची वाट पाहत राही. आता तिला चार घासांपलीकडे जात नव्हतं, तेही वच्छला भरवी. तरी वाट पाहणं तिनं सोडलं नव्हतं.

वच्छला पातेलं घेऊन तिच्यासमोर बसली. तिनं घासभर भात घातला, पळीनं वरण घातलं.

"बस का?" तिनं विचारलं.

"वाढ न आई," प्रांजली म्हणाली. "मी पुरे म्हनतपर्यंत वाढ."

वच्छलानं आणखी वाढलं. ताट भरलं तरी पोरगी पुरे म्हणाली नाही, आणि वच्छला वाढत राहिली.